मदत हवी आहे: आजीच्या गिन्न्या आणि पुतळ्या, खऱ्या की बनावट?

नमस्कार मंडळी,

नाण्यांमधलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून इथे विचारते आहे. आजीच्या दागिन्यांची वाटणी मामा, मावशी आणि आई अशी तिघांत व्हायची आहे. पाटल्या-बांगड्या वजनावर वाटून झाल्या. घोडं अडलंय ते चार गिन्न्यांवर (ब्रिटिशांची सोन्याची नाणी) आणि नाण्यासारख्या पुतळ्यांच्या माळेवर. मामा म्हणतो, या अँटिक आहेत, सोन्याच्या भावाने धरायच्या नाहीत. मावशी म्हणते, त्यातली एक तरी खोटी आहे. आई दोघांनाही चहा करून देते आणि गप्प बसते.

पहिली गिन्नी १९०० सालची, म्हातारी व्हिक्टोरिया राणी, डोक्यावरून पदर घेतल्यासारखी. वजन ७.९५ ग्रॅम. बाकी तिन्ही पंचम जॉर्जच्या: १९११ ची ७.९८, १९१८ ची ७.९९, आणि १९१३ च्या गिन्नीला कडी झाळलेली आहे, ती कडीसकट ८.४२. मागच्या बाजूला सगळ्यांवर घोडेस्वार आणि खाली लोळणारा राक्षस की मगर असं काहीतरी.

सराफाला कसोटीवर घासू दिल्या नाहीत. हॉलमार्किंग केंद्रात मशीनवर तपासल्या, चारही ९१.६ टक्क्यांच्या, म्हणजे २२ कॅरेटच्या, आसपास आल्या. चुंबकाला चिकटत नाहीत. म्हणजे प्रश्न मिटला ना? पण मावशीचं बोट १९१८ वर आहे. तिच्यावरची अक्षरं मलाही जरा बोथट वाटतात, आणि १९११ ची तिच्याहून जुनी असून जास्त रेखीव आहे.

पुतळ्या प्रत्येकी सव्वा ग्रॅमच्या आहेत. आजोबा सांगायचे की त्या थेट व्हेनिसहून आलेल्या. फोटो चढत नाहीयेत, क्षमस्व.

नाणेवेडा:
ताई, मशीनने तुम्हाला सोन्याचा कस सांगितला. नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं हे ते सांगू शकत नाही, आणि गिन्नीच्या बाबतीत नेमकी इथेच गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर गिन्नीला मागणी भरपूर होती, नव्या गिन्न्या मात्र मिळत नव्हत्या. त्यातल्या सोन्यापेक्षा गिन्नीला जास्त भाव यायचा. तेव्हा इटलीत आणि लेबनॉनमध्ये लोकांनी चक्क चांगल्या सोन्याच्या बनावट गिन्न्या पाडल्या. पितळेला मुलामा देणारा चोर निराळा, हे निराळे! १९५७ मध्ये ब्रिटनच्या टांकसाळीने गिन्न्या पुन्हा नेमाने पाडायला घेतल्या, त्यामागे हेही एक कारण होतं.

अस्सल गिन्नीचं माप: ७.९८८ ग्रॅम, व्यास सुमारे २२ मिलिमीटर, २२ कॅरेट, त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. झिजून ७.९४ पर्यंत उतरलेली गिन्नीही ब्रिटनमध्ये चलनात चालत असे, त्यामुळे राणीच्या ७.९५ ची काळजी नको.

१९१८ च्या गिन्नीसाठी एक काम करा. सोनाराचं दहापट भिंग घ्या. घोड्याच्या पायाखाली जमिनीची आडवी रेघ आहे, तिच्यावर, सालाच्या बरोबर माथ्यावर, एखादं बारीक इंग्रजी अक्षर आहे का ते बघा. एम म्हणजे मेलबर्न, एस सिडनी, पी पर्थ, सी ओटावा. आणि आय असेल तर आपली मुंबई! पहिल्या महायुद्धात मुंबईच्या टांकसाळीतही गिन्न्या पाडल्या, साल एकच, १९१८. त्या सुमारे १३ लाख निघाल्या, म्हणून फार दुर्मीळ नाहीत. अक्षर नसलेली गिन्नी लंडनची, आणि लंडनने १९१८ सालची गिन्नी पाडलेलीच नाही. तुमच्या १९११ वर अक्षर नसलं तरी चालेल, १९१८ वर हवंच.

राजाच्या मानेच्या कापावर बी.एम. आणि मागे सालाच्या उजवीकडे बी.पी. ही शिल्पकारांची आद्याक्षरंही शोधा. राक्षस नव्हे, तो ड्रॅगन. वरचा स्वार संत जॉर्ज.

सातारकर:
मशीनबद्दल थोडं. ते वरचा अगदी पातळ थरच वाचतं, त्यामुळे जाड मुलामा असेल तर फसू शकतं. घरी पाण्याची परीक्षा करा. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. गिन्नी बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लोंबकळती धरा, तळाला किंवा काठाला टेकता कामा नये. काट्यावर ०.४५ किंवा ०.४६ दिसलं तर आतपर्यंत २२ कॅरेटचंच सोनं. चांदी असेल तर ०.७६ च्या पुढेमागे, पितळ असेल तर ०.९ च्या वर. कडीवाल्या गिन्नीचा आकडा थोडा जास्त येणार, तो धरू नका.

चुंबकाचं म्हणाल तर तांबं-पितळही त्याला चिकटत नाही. त्याने फक्त लोखंड कळतं.

सराफकट्टा:
पुतळ्यांबद्दल मी सांगते, आमच्याकडे हेच काम चालतं. व्हेनिसचं डुकाट हे नाणं १२८४ पासून १७९७ पर्यंत जवळजवळ एकाच नक्षीत पडत राहिलं. एका बाजूला संत मार्क, त्याच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, मध्ये ध्वजाची काठी. दुसऱ्या बाजूला लंबगोलात, चांदण्यांमध्ये येशू. व्यापारातून ते इकडे आलं, सोनं जवळजवळ शुद्ध असल्याने लोकांनी गळ्यात घातलं आणि आपल्या सोनारांनी त्याच्या नकला, म्हणजेच पुतळ्या, पाडायला सुरुवात केली. नकलेची नक्कल होत होत लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा उरल्या आणि पुढे त्या जागी राम-सीता, लक्ष्मी आल्या.

खरं डुकाट साडेतीन ग्रॅमचं. तुमची सव्वा ग्रॅमची पुतळी सोनाराचीच, आजोबा काहीही म्हणोत. पण तिला बनावट म्हणू नका हो. कुणाला फसवायला केलेली नाही, तो आपला दागिनाच आहे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार! पाण्यात राणी, १९११ आणि १९१८ तिन्ही ०.४५-०.४६. पण १९१८ वर भिंगातून अक्षर नाही. जागा स्वच्छ आहे, झीजही नाही. बी.पी.च्या जागी दोन ठिपक्यांसारखं काहीतरी आहे. १९११ वर दोन्ही आद्याक्षरं लख्ख दिसतात. मावशी सकाळपासून खुशीत आहे. आता मामाला काय सांगू? आणि चौथीची कडी काढून घेऊ का?

नाणेवेडा:
मावशींना नमस्कार सांगा, नजर तयार आहे. लंडनची १९१८ अस्तित्वातच नाही, तुमच्या नाण्यावर झीज नाही आणि अक्षरंही बोथट, म्हणजे ठसाच बनावट. सोनं मात्र पुरेपूर, त्यामुळे वाटणीत ती सोन्याच्या भावाने बिनदिक्कत धरा. पुढेमागे विकायची झाली तर सराफाला मोडीत द्या, संग्राहकाला 'गिन्नी' म्हणून देऊ नका.

मामांना सांगा की १९००, १९११ आणि १९१३ ही नेहमीची सालं आहेत. झिजलेल्या नाण्याला सोन्याच्या वर फारसं कुणी देत नाही. कुणी परदेशात पाठवून ग्रेडिंग (नाण्याचा दर्जा ठरवणं) करून घ्या असं सुचवलं तर थांबा. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. अस्सल जुनी नाणी डोळ्यांखालून घालायची असतील तर फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय किंवा नाशिकजवळच्या अंजनेरीचं नाणेसंग्रहालय गाठा.

सातारकर:
अवांतर: घरात 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' आणि हनुमान असलेलं नाणं सापडलं तर लाखांची स्वप्नं बघू नका, कंपनीने तसलं नाणं पाडलेलंच नाही. गडाच्या पायथ्याशी मिळणारे शिवराई होनही शोभेचे. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' अशी अक्षरं असलेला खरा होन २.८ ग्रॅमच्या आसपास असतो आणि हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच ठाऊक आहेत.

सराफकट्टा:
कडी काढू नका. काढली तरी झाळेचा डाग राहतो आणि नाण्याच्या कडेचे दाते बिघडतात. ८.४२ मधून गिन्नीचे ७.९८ वजा केले की राहिले ०.४४, ते कडी आणि झाळ. झाळ हलक्या कसाची असते, म्हणून तेवढं वजन वेगळं काढून कमी भावाने धरा. आणि गिन्न्या रिठ्याने, टूथपेस्टने घासून चकचकीत करायचा मोह कुणाला झाला तर हात धरा.