मदत हवी आहे: थंडीत मधपेट्या कशा मांडाव्यात?

राम राम मंडळी. जिंतूरजवळ आमच्या शेताच्या बांधावर मेलिफेरा जातीच्या (पाळीव युरोपीय) मधमाशांच्या सहा पेट्या आहेत. तुरीच्या फुलोऱ्यावर माशा जोमात होत्या, पण आता रात्रीचा गारठा वाढलाय. सकाळी ऊन दारावर येईपर्यंत एक माशी बाहेर पडत नाही. फळीला कान लावला की आत बारीक गुणगुण ऐकू येते, म्हणजे घोळका करून बसल्यात. पिल्लांना ३४-३५ अंश ऊब लागते, त्यामुळे काळजी वाटते.

सध्या तोंडं उत्तरेला आहेत आणि वारा थेट आत घुसतो. ती आग्नेयेला फिरवायची आहेत. एकदम फिरवली तर माशा चुकतील, म्हणून रोज थोडं थोडं वळवावं का? दोन पेट्यांत माशा कमी आहेत; वरचा रिकामा मजला काढून दार अर्धं बुजवलं तर चालेल? झाकणावर बारदान टाकलं तर आत ओल धरेल का?

शेजारी हरभऱ्यावर घाटेअळीची फवारणी होणार आहे. त्या दिवशी दारं कधी लावायची आणि कधी उघडायची? करडई फुलेपर्यंत या वसाहती टिकायलाच हव्यात. मराठवाड्यात ज्यांनी स्वतः पेट्या सांभाळल्यात, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.