किल्लारीचा धडा : आपत्तीनंतर हरिपाठाचा मांडव आधी हवा का?

गावमंडप
३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून किल्लारीसह लातूर-उस्मानाबादची गावं झोपली होती. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. रुंद रस्ते, एकमेकांपासून लांब घरं. ओट्यावरून ओट्यावर व्हायचं ते बोलणं तिथं तुटलं. म्हणून माझं ठाम मत आहे की तात्पुरत्या शेडच्या वस्तीत पहिल्याच आठवड्यात मांडव घालावा आणि रोज सांजेला हरिपाठ व्हावा. टाळ गाडले गेले असतील तर टाळ्यांवर. एकटा उरलेला माणूस ठरल्या वेळी चारचौघांत येतो. नाही आला, तर कुणीतरी त्याच्या शेडपर्यंत जाऊन बघतं.

दगडमाती
मला हे अजिबात पटत नाही. अशा मांडवात "देवाचा कोप" हे शब्द हमखास येतात, आणि भूकंप विसर्जनाच्याच रात्री झालेला. ज्याचं लेकरू गेलं त्याला हे ऐकवायचं? माणसं भिंतींनी मारली. दगड-मातीच्या जाड भिंतीत आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये नुसती भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नव्हते. हादऱ्यानं थर फुगून सुटले आणि माळवद, म्हणजे मातीचं जड छत, अंगावर आलं. आरपार दगड उभ्यात ६० सेंमीवर, आडव्यात १.२ मीटरवर, दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा, हे शिकवणारा गवंडी आधी आणा. शिवाय देवळाच्या पायरीवर सगळं गाव येत नाही. धान्य तिथून वाटलं की मागे कोण राहतं, हे मराठवाड्यात सांगायला नको.

वीणेकरी
धान्याचं म्हणणं सोळा आणे खरं. यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, वाटप शाळेच्या पटांगणात करा. पण हरिनाम सप्ताह कसा चालतो तेही बघा. वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. दोन-दोन तासांचा पहारा धरला तर दिवसाला १२ पहारे. पुढचा आल्याशिवाय आधीचा हलत नाही. वीणा याच्या गळ्यातून थेट त्याच्या गळ्यात. शिधा कुणाकडे, सरपण कुणाकडे, पाणी कोण भरणार, सगळं ठरलेलं. रात्रीची राखण, टँकरची रांग, आजाऱ्याजवळ बसणं याच घडीवर बसतं. फसतं ते नावं फक्त भजनी मंडळातून घेतली की. बायका, तरुण पोरं आणि दुसऱ्या वस्तीतली माणसं तिथंच सुटतात.

दगडमाती
मग वीणा कशाला? नुसता पहारा लावा.

वीणेकरी
लावा की. मदतीच्या गाड्या थांबल्या, की दोन वाजताच्या पाळीला कुणी उठत नाही. वीणा उभ्यानं धरलेला माणूस वाट बघतोय म्हटल्यावर उठतात.

दगडमाती
ज्यांना वीणा आपली वाटते, ते उठतील. बाकीच्यांची पाळी कशावर बांधणार, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि मांडव हलका, पत्र्याचाच हवा. पुढे देऊळ बांधाल तेव्हा त्याच्याही भिंतीत आरपार दगड घाला.