जंटलमन फक्त बोलरनंच व्हायचं का?

वांगीपोहे: एका सद्गृहस्थांनी काल लिहिलंय, '२०२२ला लॉर्ड्सवर आपल्या दीप्ती शर्मानं बोलिंग करताना इंग्लंडच्या चार्ली डीनला नॉन-स्ट्रायकर एंडला, म्हणजे बोलरच्या बाजूला, रनआउट केलं, तिथेच जंटलमन्स गेम संपला.' डोकं फिरलं वाचून. बॉल सुटायच्या आत क्रीझ सोडणारी सभ्य आणि बेल्स उडवणारी असभ्य? १९४७ला सिडनीत आपल्या विनू मांकडनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला असंच काढलं, तेव्हा त्यांचे कॅप्टन ब्रॅडमनसुद्धा मांकडच्या बाजूनं बोलले. आणि लॉर्ड्सच्या त्या मॅचनंतर आठवड्याभरात हा नियम 'अनफेअर प्ले'मधून निघून 'रनआउट'मध्ये गेलादेखील. आता तरी रडगाणं पुरे.

जुनेजाणते: ते सद्गृहस्थ मीच. नियमात बसतं ते सगळं करायचंच का? १९८०ला वानखेडेवर अंपायरनं इंग्लंडच्या बॉब टेलरला आउट दिलं, आपला कॅप्टन विश्वनाथनं परत बोलावलं. कॅप्टन असा असतो!

खडूस_दादरकर: हो, मग टेलर-बोथमनी १७१ची पार्टनरशिप केली आणि आपण १० विकेटनी आपटलो. मुंबईच्या कांगा लीगमध्ये एकानं कट लागूनही जागा सोडली नाही, वर मलाच म्हणाला, 'अंपायरचं काम त्याला करू दे.' हल्ली तो सभ्यतेवर भाषणं देतो.

निळी_शाई: जंटलमन कोण, हे ठरवलं कुणी? इंग्लंडात १९६२पर्यंत पैसे न घेणारे 'जंटलमन', घेणारे 'प्लेअर'. आणि आपल्याकडे? पुण्यात दलित बोलर पी. बाळूंची बोलिंग चालायची, चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढल्या, तरी मुंबईच्या धर्मवार संघांच्या स्पर्धेत हिंदू संघाचं कप्तानपद नाहीच.

जुनेजाणते: झालं! इथेही जात आणलीत.

निळी_शाई: मी आणली? चहा मी बाहेर दिला होता का?

जुनेजाणते: त्यांचे बंधू विठ्ठल झाले की कप्तान, १९२३ला.

निळी_शाई: झाले. त्याआधी १९२०ला बाळूंना डावललं, म्हणून भावांना निषेध म्हणून संघाबाहेर राहावं लागलं, तेवढं बरं विसरता!

वांगीपोहे: अहो, विषय दीप्तीचा होता!

निळी_शाई: तुमचा असेल.

खडूस_दादरकर: चालू द्या, रनआउटपेक्षा हे बरंय.

जुनेजाणते: बरं बाई, चहाचं लाजिरवाणंच. आणि दीप्ती नियमातच होती, घ्या. पण आधी एकदा ताकीद द्यायला काय झालं होतं?

वांगीपोहे: दिली होती, असं ती म्हणते. इंग्लंडची तेव्हाची कॅप्टन हेदर नाइट म्हणते, नाही दिली. तुम्ही कुणाचं खरं मानणार ते कळलंच.

जुनेजाणते: परत सुरू झालात?