बॅकपोर्ट (जुन्या लिनक्स कर्नलवर आणलेला नवा फिक्स) बूट झाला म्हणजे टेस्ट झाला का?

रात्रपाळी: एकाने ठणकावून लिहिलंय: "एफट्रेसचा (कर्नलमधल्या ट्रेसिंग यंत्रणेचा) फिक्स कर्नल 5.15 वर चेरी-पिक केला (गिटने तेवढाच बदल उचलून लावला), कॉन्फ्लिक्ट नाही, बूट झालं, डीमेसेज (कर्नलचा लॉग) साफ. अजून काय टेस्ट करायचं?" अहो, कॉन्फ्लिक्ट आला नाही म्हणजे आजूबाजूच्या ओळी जुळल्या, एवढंच. ज्या लॉकच्या भरवशावर फिक्स लिहिलाय, तो 5.15 मध्ये त्या वाटेवर घेतलाच जात नसेल तर? आधी पॅच न लावलेल्या कर्नलवर रिप्रोड्यूसर, म्हणजे बग मुद्दाम घडवणारा प्रोग्राम, चालवा. तो फुटलाच पाहिजे. मग पॅच लावून तोच, त्याच कॉन्फिगवर, केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारा) आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारा) चालू ठेवून.

चेरीपिक्या: रेस (दोन कामांची वेळ नेमकी जुळली तरच दिसणारा बग) असेल तर तो दिवसाकाठी एकदा फुटतो. स्टेबलच्या (जुन्या कर्नलच्या दुरुस्ती आवृत्त्यांच्या) रिव्ह्यूला 48 तास. बसा वाट बघत!

रात्रपाळी: वाट कशाला? टेस्ट बिल्डमध्ये, रेस होते त्या दोन टप्प्यांच्या मधोमध एमडिले (मुद्दाम थांबवणारं फंक्शन) टाका. एका लूपमध्ये केप्रोब इव्हेंट (कर्नलच्या फंक्शनवर लावलेला ट्रेस) जोडा-काढा, दुसऱ्यात इनेबल-डिसेबल. मिनिटांत फुटतो.

खडूस_पॉइंटर: आणि एफट्रेसटेस्ट, कर्नलसोबत येणारी एफट्रेसची टेस्ट स्क्रिप्ट? कर्नल कॉन्फिगमध्ये हिस्ट ट्रिगर्स (इव्हेंटचे हिस्टोग्राम) बंद असतील तर त्या केसेस 'अनसपोर्टेड', तरी स्क्रिप्ट 0 देऊन मोकळी. सीआय (आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) हिरवं, सगळे खूश. सेल्फटेस्टच्या फोल्डरमधली कॉन्फिग फाइल आधी मर्ज करा, 'फेल-अनसपोर्टेड' हा पर्याय लावा. आणि टेस्ट मेनलाइनच्या (कर्नलच्या मुख्य, सर्वात नव्या शाखेच्या) घ्या, 5.15 सोबतच्या टेस्टमध्ये नव्या बगची केस बहुधा नसतेच.

चेरीपिक्या: मेनलाइनच्या टेस्ट जुन्या कर्नलवर? व्हर्जन बघितलंय का?

खडूस_पॉइंटर: व्हर्जन! सगळ्या रोगाचं मूळ. आरएचईएल 8 (रेड हॅटचं लिनक्स) स्वतःला 4.18 म्हणवतो, आत बीपीएफ (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवायची सोय) कितीतरी पुढचं. टास्क स्ट्रक्टमधलं 'स्टेट' हे फील्ड 5.14 मध्ये दोन अंडरस्कोरवालं झालं. टूलने यूनेम (कर्नलची आवृत्ती सांगणारी कमांड) बघून नाव ठरवलं आणि डिस्ट्रोने तो बदल मागे आणलेला असला, की प्रोग्राम कंपाइलच होत नाही. फील्ड आहे का ते बीटीएफला (कर्नलमधल्या टाइप-माहितीला) विचारा. एफट्रेसच्या टेस्टही फाइल आणि रीडमी बघूनच ठरवतात, व्हर्जन नाही.

चेरीपिक्या: विषय कर्नल पॅचचा, प्रवचन बीपीएफवर. चालू द्या.

पॅकेजकाका: बीपीएफ विषयाबाहेर नाही हो. उबुंटूत बीपीएफट्रेसचा (बीपीएफवरच्या ट्रेसिंग टूलचा) फिक्स निदान 7 दिवस प्रपोज्डमध्ये (चाचणीसाठीच्या पॅकेज साठ्यात) असतो, आणि लोक नुसतं 'टेस्टेड, वर्क्स' लिहितात. पॅकेजची नेमकी आवृत्ती नाही, टेस्ट प्लॅनमधल्या कमांडचं आउटपुट नाही. कशावरून मानायचं?

चेरीपिक्या: बरं बाबांनो, रिप्रोड्यूसर दोनदा चालवतो. एमडिलेसकट. खूश?

रात्रपाळी: खूश. पाठवताना तो एमडिले तेवढा काढा.