स्लीप ॲप्निया आणि उपाशीपोटीची साखर: सीपॅपने फरक पडतो का?

सिडकोकर
भाऊ ४६ वर्षांचा, अंबड एमआयडीसीत नोकरी. वजन ९२ किलो, उंची ५ फूट ६ इंच. रात्री जेवण हलकं, तरी उपाशीपोटी साखर १४५ च्या आसपास, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४. घरच्या स्लीप टेस्टमध्ये स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं) निघाला, एएचआय (तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा) ३४ आला. सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावलं की साखरही उतरेल का?

गंगापूर रोड
३० च्या वर म्हणजे तीव्र. तासाला ३४ वेळा श्वास किमान १० सेकंद थांबतो किंवा उथळ होतो. दर वेळी ऑक्सिजन पडतो, झोप मोडते, ॲड्रेनालिन सुटतं. मग यकृत साखर रक्तात सोडतं आणि स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. जेवण हलकं असूनही सकाळचा आकडा चढायला हे एक कारण. पोटाची चरबी हे दुसरं, आणि ती ॲप्नियाही वाढवते. सीपॅपने दिवसाची पेंग जाते, रक्तदाब थोडा उतरतो. एचबीए१सीबद्दल मात्र अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. गोळ्या सुटतील या आशेने मशीन घेऊ नका. श्वासासाठी घ्या, नक्की घ्या.

पंचवटी_आरटी
निकाल असे उलटसुलट येण्यामागे वापराचे तास हे मोठं कारण आहे. रोजचे ४ तास झाले की रिपोर्टमध्ये ‘वापर चांगला’ धरतात. पण रेम झोप (स्वप्नं पडतात ती) पहाटे जास्त असते आणि तेव्हाच घसा सर्वात सैल पडतो. ११ ला लावून ३ ला काढलं, तर सगळ्यात वाईट तास बिनमशीनचे जातात. मशीनचा रिपोर्ट मागा: तास, मास्कमधून हवेची गळती, आणि मशीन लावूनही उरलेला एएचआय, जो ५ च्या खाली हवा.

सिडकोकर
ट्रायलचं मशीन आहे. पहाटे नळीत पाणी गुडगुडतं, तोंड कोरडं पडतं, म्हणून तो काढून टाकतो.

पंचवटी_आरटी
दोन्हींची कारणं वेगळी. नाशिकच्या थंडीत खोली गार पडते, ह्युमिडिफायरच्या दमट हवेचं नळीत पाणी होतं. ह्युमिडिटी एक पायरी उतरवा, नळी पांघरुणाखालून घ्या, मशीन गादीपेक्षा खाली ठेवा. तरी भागलं नाही तर हीटेड ट्यूब (आतून गरम राहणारी नळी). टाकीत डिस्टिल्ड वॉटरच. बोअरच्या पाण्याने क्षार धरतात.
तोंड कोरडं म्हणजे झोपेत ते उघडतंय, बहुधा नाक चोंदल्यामुळे. आधी सलाईन स्प्रे, नाहीच जमलं तर फुल फेस मास्क (नाक-तोंड दोन्ही झाकणारा). मास्कचे पट्टे आडवं पडून, हवा चालू असताना बसवा. गळती थांबावी म्हणून करकचून आवळले की मास्कची मऊ कड दुमडते आणि गळती उलट वाढते. रात्रपाळी असेल तर दिवसाच्या झोपेलाही मशीन हवंच.

गंगापूर रोड
वजनही सोबत घ्या. १० टक्के, म्हणजे ९ किलो उतरले तर एएचआय साधारण पाव हिस्सा कमी होतो. ३४ चा २५ झाला तरी ॲप्निया मध्यम उरतोच, मशीन सुटत नाही. टिर्झेपॅटाइडला (साखर आणि वजन उतरवणारं इंजेक्शन) अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये स्थूल व्यक्तींच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मान्यता मिळाली. ते योग्य आहे का, हे मधुमेहतज्ज्ञांना विचारा. ग्लिमेपिराइड (साखरेची गोळी) चालू असेल तर वजन उतरू लागताच डोस तपासून घ्या, नाहीतर साखर ७० च्या खाली जाऊ शकते.