काहिली, वाण, गावदर : 'माझी मैना'तले शब्द

अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना' लहानपणापासून ऐकतोय. 'माझी मैना गावावर राहिली, माझ्या जिवाची होतीया काहिली.' परवा गाडीत लावली होती, तेव्हा मुलीनं विचारलं, काहिली म्हणजे काय? म्हटलं, तगमग. तर म्हणे, मग तगमगच का नाही म्हटलं? 'राहिली'ला यमक हवं होतं, असं सांगून सुटलो खरा, पण माझं मलाच पटलं नाही. नुसत्या यमकासाठी ओढून आणलेला शब्द इतका आत लागत नाही. तुमच्याकडे काहिली कशाकशाची होते?

प्रतिसाद १

आमच्याकडे (कराडच्या आसपास) उन्हानं अंगाची काहिली होते, तापानं होते. मिरच्या कांडल्या की हातांची मात्र 'आग' होते, काहिली नाही. आग एका जागेची. काहिली सर्वांगाची आणि बराच वेळ टिकणारी. तगमगीत माणूस कूस बदलतो, उठतो, बसतो. काहिलीला असा उपायच नसतो.

आणखी एक. गुऱ्हाळावर उसाचा रस ज्या भल्या थोरल्या पसरट कढईत आटवतात ती काहील. खाली चुलवाणात चिपाडं ढकलत राहायचं, वर रस तासन्‌तास रटरटतो, मळी काढायची, मग कुठं गूळ. 'रस काहिलीत ओतला' असंच म्हणतात. लहानपणी मला या गाण्यात ती कढईच दिसायची! दोन्ही शब्द एकाच मुळाचे की कानालाच तसे वाटतात, ते जाणकारांनी सांगावं. पण अण्णा भाऊंचं गाव वाटेगाव वाळवे तालुक्यातलं, म्हणजे उसाच्या मुलखातलं. तिथल्या माणसाला हा शब्द ऐकताना रसाचा वास आला नाही तरच नवल.

प्रतिसाद २

'होतीया'कडेही बघा. 'होते' किंवा 'होत आहे' घालून म्हणून पाहा, ओळ मेलीच. होतीया, जातूया, येतूया ही त्या भागातली रोजची बोली. शेवटच्या 'या'वर शाहिराला सूर ओढता येतो ते वेगळंच.

आणि 'गावावर'. कोकणातला चाकरमानी 'गावाला' जातो, देशावरचा 'गावाकडं'. इथे 'गावावर' आहे, शेतावर, वस्तीवर म्हणतो तसं. मला त्यात मागे ठेवून आल्याची भावना ऐकू येते: ती तिथं राहिली, राखणीला ठेवल्यासारखी. (हे माझं ऐकणं, व्याकरण नव्हे.)

धागाकर्ता

कढई डोक्यातून जाईना आता. मुलीला सांगितलं, तर तिला गुऱ्हाळ म्हणजे रस्त्याकडेचं रसाचं दुकान वाटलं.

दुसरी शंका. पुढे मैनेच्या वर्णनात 'नसे सुखाला वाण' येतं. हे वाण कुठलं? संक्रांतीचं वाण माहीत आहे, बियाण्याचं वाण माहीत आहे.

प्रतिसाद ३

दोन्ही नव्हेत. हा वाण म्हणजे उणीव, तुटवडा. 'त्यांच्या घरी कशाची वाण नाही' असं आमची आजी म्हणायची. 'वानवा'चा सख्खा भाऊ समजा. म्हणजे मैना असताना सुखाला कमी नव्हतं.

त्याच वर्णनातली 'काडी दवण्याची' मला सगळ्यात आवडते. चैत्रात जोतिबाला गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा वाहतात. यात्रेहून आणलेली काडी देव्हाऱ्यात वाळून जाते, वास मात्र राहतो. बारीक अंगाची, सुवासाची बायको सांगायला वाळव्याच्या माणसाला दुसरी उपमा कशाला शोधावी लागेल? इंद्रधनूची कमान वगैरेही आहे त्यात, पण ती कुणीही लिहिली असती.

प्रतिसाद १

मला विचाराल तर अख्ख्या गाण्याचा जीव 'गावदरी'त आहे. गावदर म्हणजे घरं संपून रान सुरू होतं ती कड. पाहुण्याला घालवायला बाईमाणूस तिथवरच जायचं. भाकरतुकडा बांधून मैनेचा नवरा भल्या पहाटे मुंबईला निघतो, आणि गावदरीला आल्यावर तिच्या मनाची कळी कोमेजते. दारात नाही, गावदरीला. मग तो तिला हसवायला दागिन्यांची 'बोली' करतो. ही बोली म्हणजे भाषा नव्हे, कबुली, ठराव. शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, गोखरं, मासोळ्या... यादी वाढत जाते आणि ती काही हसत नाही. खिशात दमडी नसलेल्या माणसानं सोन्याची यादी लांबवत न्यावी, यापरता गरिबीचा पुरावा तो कुठला? स्वतः अण्णा भाऊ वाटेगावाहून चालत मुंबईला आले होते.

प्रतिसाद २

म्हणून तर ती छक्कड (लावणीचाच एक प्रकार) संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत चालली. १९४४मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. समोर बसलेल्या गिरणी कामगारांतल्या किती जणांची मैना गावावरच होती. गाण्याच्या शेवटी बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची नावं येतात, आणि ताटातूट नवराबायकोची न राहता मुलखाची होते. त्यासाठी एकही नवा शब्द लागत नाही. १ मे १९६० रोजी राज्य झालं, ही चार नावं बाहेरच राहिली.

धागाकर्ता

मुलीला गावदर सांगायला गेलो. आमच्या गावाची गावदर कुठली, ते मलाच दाखवता आलं नाही. तिथं आता पेट्रोलपंप आहे आणि एसटी त्याच्याही पुढं थांबते. काहिली मात्र तिला कळली. रात्री लाइट गेली होती, तेव्हा स्वतःच म्हणाली, बाबा, काहिली होतीया.