सोनोग्राफी नॉर्मल आहे, तरी मुलगी दर महिन्याला पाळीत आडवी का होते?

प्रश्न : सांगलीची आई

माझी मुलगी सतरा वर्षांची असून यंदा बारावीला आहे. तिची पाळी साडेबाराव्या वर्षी सुरू झाली आणि पहिले वर्ष-दीड वर्ष तिला फारसा त्रास नव्हता. त्यानंतर मात्र पहिल्या दिवशी ओटीपोटात अशा कळा येऊ लागल्या की ती गुडघे पोटाशी घेऊन अंथरुणावर पडून राहते. दोन-तीन उलट्या होतात, कधी जुलाब होतात, कंबर आणि मांड्या भरून येतात. गेल्या महिन्यात क्लासहून येताना एसटी स्टँडवर तिला घेरी आली आणि ती तिथेच खाली बसली.

डॉक्टरांनी पोटावरून सोनोग्राफी करून घेतली. अहवाल नॉर्मल आला, तेव्हा ‘वय वाढेल तसे कमी होईल’ असे सांगून त्यांनी मेफेनॅमिक ॲसिडची गोळी लिहून दिली. ती गोळी मी शक्यतो देत नाही. अगदीच असह्य झाले की मग देते, आणि तेव्हा तिचा काही उपयोग होत नाही. सासूबाईंच्या मते अशा गोळ्यांनी गर्भाशय कमजोर होते आणि एक मूल झाले की दुखणे आपोआप थांबते. मला विचारायचे आहे ते असे की, अहवाल नॉर्मल असेल तर हे दुखणे साधेच समजायचे का, आणि दर महिन्याला गोळी देणे कितपत सुरक्षित आहे?

उत्तर १ : स्त्रीरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

ताई, ‘अगदीच असह्य झाले की मग देते’ या आपल्या एका वाक्यात अर्धे उत्तर आहे.

पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्ष-दोन वर्षे बऱ्याच मुलींच्या बीजकोशातून दर महिन्याला बीज सुटत नाही, म्हणून तेव्हाची पाळी अनियमित असली तरी सहसा फार दुखत नाही. बीज नियमित सुटू लागले की पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉनची पातळी खाली येते आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने मोठ्या प्रमाणात तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो, आणि ज्यांच्यात ही रसायने जास्त असतात त्यांच्यात तो इतका आवळला जातो की स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून टाकतो. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडले की छातीत कळ येते, तसाच हा प्रकार आहे. या रसायनांचा काही भाग रक्तात मिसळून आतड्यांवर परिणाम करतो, म्हणून उलट्या आणि जुलाब होतात. मुलगी ‘नाटक करते’ असे कोणी म्हणत असेल, तर त्यांना एवढे अवश्य सांगावे.

मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार करणारे विकर अडवतात. जी रसायने आधीच तयार झाली आहेत, ती काढून घेण्याची ताकद त्यांच्यात नसते. म्हणून उलट्या सुरू झाल्यावर दिलेली गोळी वाया जाते, आणि मग ‘गोळीने काही होत नाही’ असा आपला समज होतो. पाळीची तारीख ठरलेली असेल तर आदल्या दिवसापासून, नाहीतर पहिला डाग दिसताच किंवा पहिली कळ येताच गोळी सुरू करावी, ती जेवणानंतर द्यावी, आणि दुखले की एक अशी न देता डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने दोन-तीन दिवस देऊन बंद करावी. ॲस्पिरिनच्या कुळातील औषधे याच मार्गाने काम करतात हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. सासूबाईंचे मत नोबेलने बदलेल असे नाही, पण या गोळ्यांनी गर्भाशय कमजोर होत नाही आणि त्यांचे व्यसनही लागत नाही, हे निःशंक सांगता येते. जठरात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा वेदनाशामकाने बळावणारा दमा असेल, तर मात्र ही औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

आता सोनोग्राफीबद्दल. बीजकोशातील गाठ किंवा फायब्रॉइड तिच्यात दिसू शकते. परंतु एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, म्हणजे बीजकोशावर, आतड्यावर किंवा पोटाच्या आतल्या पडद्यावर वाढतात, आणि त्यांचे बारीक डाग पोटावरून केलेल्या तपासणीत बहुधा दिसत नाहीत. आपल्या मुलीच्या दुखण्याचा काळ साध्या प्रकाराशी जुळतो आहे, त्यामुळे लगेच घाबरू नये. तीन पाळ्या गोळ्या योग्य वेळी देऊन पाहाव्यात. तरीही ती उठू शकत नसेल, किंवा पाळीत शौचाला वा लघवीला जाताना दुखत असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, मधल्या दिवसांत रक्त जात असेल, तर पुन्हा तपासणी आवश्यक आहे.

उत्तर २ : मेडिकल दुकानदार

मी औषधविक्रेता आहे. डॉक्टरांच्या बोलण्यात दुकानातले थोडे अनुभव जोडतो. आमच्याकडे मुली ‘पाळीची गोळी’ म्हणून जी मागतात, तिच्यात बहुतेक वेळा मेफेनॅमिक ॲसिडबरोबर डायसायक्लोमाइन असते. तिने तोंडाला कोरड पडते, गुंगी येऊ शकते. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदाच घेण्याऐवजी आधीच्या एखाद्या पाळीत घेऊन पाहिलेली बरी. दुसरी गोष्ट अशी की एकीने आराम पडला नाही म्हणून तासाभरात वेगळ्या नावाची गोळी घेणाऱ्या अनेकजणी मी पाहिल्या आहेत. नावे वेगळी असली तरी दोन्ही एकाच कुळातील असतात आणि त्रास पोटाला होतो. पॅरासिटामोल सोबत चालते, मात्र पाळीच्या कळांवर ते एकटे थोडे कमी पडते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबाबत एक इशारा दिला होता आणि त्यानंतर काही दिवस लोक ती पाकिटे परत करायला येत होते. हा इशारा ड्रेस या विरळ पण गंभीर ॲलर्जीबद्दल होता. औषध सुरू केल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणे असे काही झाले, तर गोळी बंद करून तत्काळ डॉक्टरांकडे जावे, एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि पावसाळ्यात पाळीबरोबर ताप असेल, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत या कुळातील गोळ्या घेऊ नयेत.

उत्तर ३ : साताऱ्याची आजी

आमच्या वेळी गोळी माहीत नव्हती. सुंठ आणि ओवा उकळून गूळ घालून देत, आणि विटेचा तुकडा चुलीत तापवून फडक्यात गुंडाळून पोटाला शेक देत. त्याने बरे वाटत असे. गोळ्यांच्या आधी हे करून पाहायला काय हरकत आहे?

उत्तर ४ : स्त्रीरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

आजी, शेकाबद्दल आपले म्हणणे अगदी बरोबर आहे; सतत दिलेली मंद ऊब काहीजणींना गोळीइतकाच आराम देते, असे अभ्यासांत दिसले आहे. विटेऐवजी गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून घ्यावी, कारण भाजल्याचे डाग पडलेल्या मुली मी तपासल्या आहेत. आल्या-सुंठीचाही थोडा उपयोग दिसतो. आठवड्यातून तीन वेळा पाऊण तास ते तासभर चालणे, सूर्यनमस्कार किंवा कोणताही व्यायाम महिनाभर चालू ठेवला, तर दुखणे कमी होते. फक्त ‘गोळ्यांच्या आधी’ असे न म्हणता ‘गोळ्यांबरोबर’ म्हणावे, कारण काढा उकळण्यात जो वेळ जातो, तोच गोळीचा मोक्याचा वेळ असतो.

उत्तर ५ : चिंचवडहून

मी चौतीस वर्षांची आहे. ‘नॉर्मल’ हा शब्द मी नऊ वर्षे ऐकला, म्हणून लिहिते आहे. माझे दुखणे पाळीच्या दोन दिवस आधी सुरू होई, आणि पाळीत शौचाला बसले की आतून सुरी फिरवल्यासारखे वाटे. हे दुसरे मी कोणत्याही डॉक्टरांना सांगितले नाही. त्यांनी विचारले नाही आणि मला ते सांगण्याजोगे वाटले नाही. संडासाबद्दल कोण बोलते? लग्नानंतर संबंधांच्या वेळीही दुखू लागले, आणि तेही सांगायला मला वर्ष लागले. अखेर एका डॉक्टरांनी चाळीस मिनिटे समोर बसवून एकेक गोष्ट विचारली, योनीमार्गातून सोनोग्राफी केली आणि चार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे बीजकोशात झालेली जुन्या रक्ताची गाठ, दाखवली. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि नंतर डायनोजेस्ट नावाची संप्रेरकाची गोळी सुरू झाली. दुखणे संपले नाही, पण मी महिन्याचे सगळे दिवस कामावर जाते. मूल झाले की थांबते असे मलाही सांगितले गेले होते. गरोदरपणात पाळीच येत नाही म्हणून तेवढे महिने आराम पडला आणि नंतर दुखणे परतले.

मला आता असे वाटते की डॉक्टरांना ‘खूप दुखते’ असे सांगण्यात अर्थ नाही, कारण खूप म्हणजे किती हे कुणालाच मोजता येत नाही. कधी दुखते, किती तास दुखते, काय करताना दुखते, कोणती गोळी किती वाजता घेतली आणि त्या दिवशी काय बुडाले, हे कॅलेंडरवर लिहून नेले की तपासणाऱ्याचा हात थांबतो आणि तो वाचू लागतो.

उत्तर ६ : बीडहून

आमच्या भागात अशा दुखण्यावर ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला इतक्या सहज दिला जातो की मला विचारावेसे वाटते, चिंचवडच्या ताईंना तो मार्ग कुणी सुचवला नाही का? नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून बायका स्वतःच ऑपरेशनला तयार होतात, हेही इथे सर्वांना ठाऊक आहे.

उत्तर ७ : स्त्रीरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाच्या बाहेर असतो, त्यामुळे नुसते गर्भाशय काढून तो जाईलच असे नाही. ॲडेनोमायोसिसमध्ये, म्हणजे अस्तर गर्भाशयाच्या स्नायूतच रुतले असेल तर, त्या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो, परंतु औषधे आणि संप्रेरक सोडणारी तांबी हे मार्ग वापरून झाल्यावरच. तरुण वयात बीजकोशही काढले तर हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो; ऊस तोडणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलेले नसते.

मूळ प्रश्नाकडे येताना एक राहिले होते. वेदनाशामकांनी भागले नाही तर गर्भनिरोधक गोळ्या हा पुढचा उपाय आहे आणि अविवाहित मुलींनाही तो देता येतो. त्यांनी अस्तर पातळ राहते, प्रोस्टाग्लँडिन कमी बनतात आणि गोळ्या थांबवल्यावर मूल होण्यात अडचण येत नाही. त्या आधी रक्तदाब मोजावा, आणि डोळ्यांपुढे चमक येऊन होणारी अर्धशिशी किंवा घरात रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर तसे आवर्जून सांगावे.

सांगलीची आई

सर्वांचे आभार. काल रात्री मुलीला जवळ बसवून मागच्या चार पाळ्या आठवून कॅलेंडरवर लिहायला घेतल्या. चिंचवडच्या ताईंचे वाचून मी तिला शौचाबद्दल विचारले, तर ती म्हणाली, ‘दिवाळीपासून पहिले दोन दिवस दुखतेच, मला वाटले सगळ्यांनाच दुखत असेल.’ हे तिने मलाही सांगितले नव्हते. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, थोड्या वेळाने उठून गरम पाण्याच्या पिशवीचे झाकण गळते का ते पाहू लागल्या.

पुढची पाळी १४ तारखेच्या आसपास यावी. १३ ला रात्री जेवण झाल्यावर पहिली गोळी देणार आहे, आणि तीन पाळ्यांची वाट न पाहता शौचाच्या वेळच्या दुखण्यासाठी या शनिवारीच दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.